न केलेल्या नोकरीचा राजीनामा

माझं नाव कुंदा मेश्राम, माहेरची रामटेके, मूळ आमचं भंडारा जिल्ह्यातलं, पण मूळ म्हणजे नुसतं सांगायला, कारण बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लखनौला आले तेव्हा मी आईच्या पोटात होते आणि जन्मले ती इथेच, आलमबागेत, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण असेल तर दोन्ही. मी पाच वर्षांची असताना क्वार्टरच्या ओट्यावर उभी राहून सगळ्या गल्लीच्या नकला करायची, भाजीवाल्याची, स्टेशनमास्तराच्या बायकोची, आणि बायका पोट धरून हसायच्या आणि आई आतून ओरडायची, कुंदे, आत ये, मार खाशील. अजूनही माझं तसंच आहे. मला राग आला की मला नकला सुचतात. म्हणून आता मी जे सांगणार आहे आणि तुम्ही लिहून घेणार आहात त्यात तुम्हाला हसू येईल, हसा, माझी काही हरकत नाही, पण हसता हसता हे ध्यानात ठेवा की मी रागावलेली आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत रागावलेली आहे.

शिवण मी आईकडून शिकले आणि लग्नानंतर एका युनिफॉर्मच्या कारखान्यात लागले, कारखाना म्हणजे काय, लांबलचक पत्र्याची शेड, बावीस मशिनी आणि दोन पंखे. तिथे चोवीस वर्षं काढली. शाळेचे स्कर्ट शिवले, बँडवाल्यांचे कोट शिवले, आणि शेवटची दहा वर्षं तर निव्वळ दवाखान्यांचं काम, चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन. गाऊनला पाठीमागे बंद असतात, ते नुसते शिलाई मारून लावले तर दोन धुण्यांत हातात येतात, कारण ते कपडे उकळतात ना. मग बंदाच्या टोकाला चौकोन मारायचा आणि चौकोनात फुली. चौकोन आणि फुली. तेवढं केलं की गाऊन फाटेल पण बंद निघणार नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, परत आलेले गाऊन पाहून पाहून मी शोधलं. मग मालक गेले, त्यांच्या मुलांनी बाहेरून तयार माल आणायला सुरुवात केली, आणि एका सोमवारी शेडला कुलूप. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, आणि घरी आमचे हे, म्हणजे विलासराव, सरकारी छापखान्यातून डोळ्यांपायी लवकर घरी बसलेले. काचबिंदू आहे त्यांना. हळूहळू कडा काळ्या होत जातात, मधलं दिसतं. ते म्हणतात, बरं आहे, मला फक्त तूच दिसतेस. असा माणूस.

वर्षभर असंच गेलं. तर आमची रश्मी, आमची मुलगी, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीतच देईल, ती म्हणाली, मम्मी, आप सेंटर में नाम लिखाइए ना, अब सब एक ही जगह होता है. आणि खरंच हो, सगळं एकाच छताखाली. नाव मी सांगणार नाही, तुम्ही विचारू पण नका. पहिल्या खिडकीवर बेरोजगार म्हणून नोंदणी, दुसऱ्या खोलीत सल्ला, तिसरीत प्रशिक्षण, आणि चौथ्या दारातून नोकरी. मला इतकं आवडलं ते पहिल्या दिवशी! भिंतीला नवा रंग, थंड पाण्याचं मशीन, एका बाईच्या हातात हेल्मेट असं मोठं पोस्टर. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, अहो, सरकारला अक्कल आली.

सल्ला देणारी मुलगी असेल बावीस वर्षांची, केस मोकळे, हातात टॅब. मला विचारते, आंटी, पाच साल बाद आप अपने आप को कहाँ देखती हैं? मी म्हटलं, बेटा, मी मला चौपन्न वर्षांची बघते. ती हसली नाही, तिने ते लिहून घेतलं. मग माझी चाचणी झाली, गोल कोणता, त्रिकोण कोणता, तुम्हाला लोकांशी बोलायला आवडतं का, आवडतं म्हटलं, आणि टॅबने सांगितलं की माझा कल ब्युटी पार्लरकडे आहे. माझा! मी तिच्या टेबलावर माझे दोन्ही हात ठेवले, ही बघ, म्हटलं, ही सुईची खूण, हा अंगठा, चोवीस वर्षं. ती बिचारी म्हणाली, आंटी, अनुभव का कोई कागज़ है? शेडला कुलूप लागलेलं, कागद कोण देणार? मग म्हणाली, कागद नाही तर अनुभव भरायची जागा रिकामी राहील, तुम्ही सिलाई मशीन ऑपरेटरच्या कोर्सला बसा, तीन महिने, सर्टिफिकेट मिळालं की नोकरीच्या यादीत नाव.

म्हणजे मी बसले हो. बसले! एकोणतीस पोरींच्या मध्ये, पुढच्या बाकावर, वही घेऊन. पहिले पंधरा दिवस आम्ही कागदावर शिवलं. सुईत दोरा नाही, कागदावर पेनाने रेघा मारलेल्या आणि त्या रेघांवरून मशीन चालवायची, सरळ रेघ, मग नागमोडी, मग गोल. नवशिक्यांसाठी ते बरोबरच आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी! मी पहिल्या दिवशी सगळे कागद दहा मिनिटांत संपवले आणि मॅडमला विचारलं, आता काय करू? मॅडम म्हणाली, फिर से कीजिए. मॅडमचंही काही खरं नव्हतं, बॉबिनचा ताण कसा धरायचा ते तिला येत नव्हतं, दोरा गुंतला की ती मशीन बदलायची. दुसऱ्या महिन्यात ती यायचीच बंद झाली. प्रशिक्षणाचा ठेका ज्या एजन्सीकडे होता तिचे मॅनेजर तिवारीजी, ते सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा यायचे, आमचे अंगठे मशीनवर घ्यायचे आणि म्हणायचे, बहनों, प्रैक्टिस करती रहिए. गोड माणूस. इतका गोड की जिभेला मुंग्या याव्यात.

मग शिकवलं कोणी? मी शिकवलं. कोणी सांगितलं नाही, पण पोरी रिकाम्या बसून राहिल्या होत्या आणि मला रिकामी मशीन बघवत नाही. माझ्या शेजारी शबाना बसायची, चोवीस-पंचवीसची, हाताने लखनवी चिकनचं भरतकाम असं करायची की डोळे दिपावेत, पण मशीनला घाबरायची, पायाखाली पेडल आलं की खांदे कानापर्यंत. मी तिला म्हटलं, अगं, ही कुत्री नाही, चावत नाही. तिच्या पायावर माझा पाय ठेवून मी तिला चालवायला शिकवलं. जुन्या चादरी घरून नेल्या, त्यांचे गाऊन केले, बंद लावले. चौकोन आणि फुली. शबाना म्हणायची, आंटी, आप तो उस्तानी हैं. मी म्हणायची, उस्तानीचं नाव विद्यार्थ्यांच्या रजिस्टरात आहे, गप्प शीव.

कोर्स संपला, फोटो झाला, सर्टिफिकेट मिळालं. आठ दिवसांनी माझ्या फोनवर संदेश आला. रश्मीने वाचला आणि किंचाळली, मम्मी, आपकी तो नौकरी लग गई! खरंच लिहिलं होतं, अभिनंदन, तुम्हाला रोजगार प्राप्त झाला आहे. ह्यांनी चष्मा लावून, फोन नाकाला लावून तीनदा वाचलं आणि स्वतः जाऊन पेढे आणले, रस्ता ओलांडून, त्या डोळ्यांनी. मी शेजारी वाटले. काय सांगू तुम्हाला, मी पेढे वाटले हो! दुसऱ्या दिवशी सेंटरला गेले, विचारलं, कुठे रुजू व्हायचं? ती टॅबवाली मुलगी खाली बघून म्हणाली, आंटी, वो बस सिस्टम में दिखाना पड़ता है. किती जणींना? पूरे बैच को. आणि का? कारण नोकरी लागली असं दाखवलं तरच एजन्सीचं काम पूर्ण झालं असं धरतात.

मी त्या दिवशी नुसती चिडून घरी आले. खरा राग तर पुढे आला. महिन्याभरात सेंटरच्याच फलकावर एक कागद लागला, एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या कपडे विभागात शिलाईकाम, एकच जागा, वयाची अट पन्नास, आणि ज्यांचं नाव सेंटरच्या बेरोजगारांच्या यादीत आहे त्यांनाच बोलावणार. माझी जागा होती ती! जणू कोणी माझी चोवीस वर्षं समोर ठेवून जाहिरात लिहिली. आणि तिथल्या माणसांच्या घरच्यांना तिथेच तपासतात, म्हणजे ह्यांचे डोळे, जे आम्ही सहा-सहा महिने तारीख मागत फिरतो, ते होऊन गेलं असतं. मला पन्नास पूर्ण व्हायला दोन महिने होते. मी धावत खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाबूने नंबर टाकला आणि म्हणाला, आप तो कार्यरत हैं. मी म्हटलं, भैया, मी तुमच्यासमोर उभी आहे, दिवसाचे अकरा वाजले आहेत, कार्यरत असते तर कामावर नसते का? म्हणाला, सिस्टम में कार्यरत हैं, बेरोज़गार की सूची में नाम नहीं जाएगा. मी विचारलं, कुठे कार्यरत आहे ते तरी सांगा. त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. कसलंसं गारमेंट्स, वृंदावन योजना ही वसाहत, सेक्टर, घर नंबर, सगळं. मी हातावर लिहून घेतलं.

आता इथे माझ्या डोक्यात ओट्यावरची कुंदी जागी झाली. मी शबानाला फोन केला, शबानाने बाकीच्यांना. मी म्हटलं, बायांनो, आपल्याला नोकरी लागली आहे आणि आपण महिनाभर गैरहजर आहोत, हे बरं नाही, सोमवारी नऊ वाजता ड्यूटीवर हजर व्हायचं, डबा घेऊन. एकोणतीसपैकी दहा आल्या, मी धरून अकरा. तीन ई-रिक्शा भरून आम्ही वृंदावन योजनेत उतरलो. स्वच्छ गल्ली, दारात तुळस, फाटकावर जुईचा वेल, आणि गारमेंट्सचा पत्ता नाही. मी घंटी वाजवली. एक म्हातारी बाई आली, पांढरी साडी, हातात मटारची टोपली. मी हात जोडून म्हटलं, माताजी, नमस्ते, हम लोग काम पर आए हैं, देर के लिए माफ़ी.

माताजीने अकराजणींकडे पाहिलं, अकरा डब्यांकडे पाहिलं. कौन सा काम? मी म्हटलं, सिलाई का. अच्छा, बहू ने बुलाया होगा, आओ, आओ, धूप में क्यों खड़ी हो. आणि आम्ही आत! अकराजणी सोफ्यावर, सतरंजीवर, वेताच्या मोढ्यावर. चहा आला, मठरी आली. मी विचारलं, मशिनी कुठे आहेत? ती म्हणाली, मशीन तो एक ही है, मेरी, पैर वाली, ज़ंग खा रही है. मग आम्ही ती बाहेर काढली, मी तेल घातलं, पट्टा बसवला, एका पोरीने मटार सोलायला घेतले, आणि मी खिडकीचा पडदा उतरवून त्याची उसवलेली कड शिवायला बसले. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. इतक्यात शबाना भिंतीकडे बघून म्हणते, आंटी, देखिए तो. लग्नाचा फोटो. नवरदेवाच्या फेट्याखाली कोण? आमचे तिवारीजी. माताजी म्हणाल्या, हमारे दामाद हैं, बड़े अफ़सर हैं, लड़कियों को नौकरी दिलवाते हैं. मी म्हटलं, माताजी, आम्ही त्यांच्याच फॅक्टरीतल्या, त्यांना जरा फोन लावा, विचारा, आज कोणतं काम द्यायचं. आणि त्या माउलीने खरंच फोन लावला, स्पीकरवर, बेटा, तुम्हारी फ़ैक्टरी की लड़कियाँ आई हैं, पर्दे तो हो गए, अब इनसे क्या करवाऊँ?

पलीकडून फोन कटला.

वीस मिनिटांत तिवारीजी हजर, घामाघूम, शर्टची एक बाजू बाहेर. कुंदाजी, यह क्या तमाशा है, घर की बात घर में. मी म्हटलं, घर नाही हो, कारखाना, तुमच्याच कागदावर आहे. मग मी माताजींना समजावून सांगितलं, तुमच्या घरात तीस मशिनी आणि तीस बाया आहेत असं सरकारदरबारी लिहिलं आहे. त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? बिजली का मीटर कमर्शियल तो नहीं हो जाएगा? आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला बाईंचा, विधवा सास का घर मिला तुमको, अपने बाप का पता क्यों नहीं लिखा! पोरी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मीपण हसले. पण मी हसता हसता त्याला एकच विचारलं, माझं नाव बेरोजगारांत परत कधी घालता? तीन दिवसांनी इस्पितळाची यादी जाणार आहे.

तेव्हा तो गोड माणूस म्हणाला, नाव काढता येत नाही. चढवलेलं नाव खोडायची सोयच नाही. एकच मार्ग आहे, तुम्ही नोकरी सोडली असं दाखवायचं. राजीनामा द्यायचा. छापील फॉर्म आहे, पारिवारिक कारणों से, खाली सही.

ऐकून राहिलात ना? जी नोकरी मी केली नाही, जिथे मशीन नाही, त्या नोकरीचा मी राजीनामा द्यायचा, म्हणजे ती नोकरी होती हे माझ्याच सहीने खरं ठरणार, आणि दोष कोणाचा, तर माझ्या परिवाराचा! त्या बाकीच्या पोरींनी दुसऱ्याच दिवशी सह्या केल्या, शबानानेही केली, आणि मला फोन करून रडली, आंटी, अम्मी ने कहा कर दो. तिच्या घरात खाणारी सात तोंडं, तिला कोण बोलणार? पण माझा हात होईना. दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. शेवटी हे म्हणाले, कुंदा, तुला सही करायची लाज वाटते की त्यांच्या शब्दांवर सही करायची लाज वाटते? मी म्हटलं, त्यांच्या शब्दांवर. मग तुझे शब्द लिही ना, म्हणाले, फॉर्म हवा असं कुठे आहे, राजीनामा हवा आहे.

मग मी लिहिला. हिंदीतून, रश्मीकडून शुद्ध करून घेऊन. लिहिलं की ज्या कंपनीत मी एक दिवसही काम केलं नाही, जी कंपनी मॅनेजरच्या सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत आहे, जिथे एक गंजलेली मशीन होती आणि ती मीच दुरुस्त केली, जिथला चहा फार चांगला होता, त्या न केलेल्या नोकरीचा मी राजीनामा देत आहे, कारण मला खरी नोकरी हवी आहे. खाली सही, तारीख. खिडकीवरच्या बाबूने कागद उलटा की सुलटा तेही पाहिलं नाही, स्कॅन केला, बटण दाबलं, म्हणाला, लीजिए, आप बेरोज़गार हो गईं. आणि मला आनंद झाला! बेरोजगार झाल्याचा आनंद, मला आनंद! त्याच दिवशी मी एक तक्रारही दिली, वरच्या अधिकाऱ्याकडे, सगळं नावासकट लिहून.

इस्पितळात बोलावलं आम्हा नऊजणींना, त्यात शबानाही होती. प्रत्येकीला एक गाऊन शिवायला दिला. माझा सगळ्यांत आधी झाला. मग आत मुलाखत, टेबलामागे तिघे. मधले साहेब सेंटरहून आलेली माझी फाईल चाळत होते आणि थांबले. वाचायला लागले. सेंटरमध्ये जो कागद कोणी वाचला नाही, तो नेमका इथे वाचला. ओठ हलत होते, मग हसले, मग शेजारच्यांना दाखवला, तेही हसले. मला विचारलं, यह आपने लिखा है? मी म्हटलं, हो. ऐसे कोई इस्तीफ़ा लिखता है? मी म्हटलं, साहेब, अशी नोकरी कोणी देतं का? तिघेही मोठ्याने हसले, मला वाटलं झालं काम. मग मधले साहेब फाईल मिटून म्हणाले, काम तो आपका बढ़िया है, लेकिन हमारे यहाँ मिल-जुलकर चलना पड़ता है. बस. मिल-जुलकर. मी बाहेर आले तेव्हाच मला कळलं होतं.

जागा शबानाला मिळाली. तिच्या फाईलमध्ये छापील कागद होता, पारिवारिक कारणों से. आणि तिचा गाऊन मी टेबलावर पाहिला होता, बंदांच्या टोकाला चौकोन, चौकोनात फुली, माझ्यापेक्षाही बारीक टाके. नोकरी तिने ढापली नाही, कमावली. मी हे मोठ्या मनाने नाही सांगत आहे, माझं मन त्या दिवशी एवढंसं झालं होतं, मी घरी येऊन शबानाचा फोनही उचलला नाही, चार दिवस उचलला नाही. मग ती स्वतःच आली, दारात उभी, आत येईना. म्हणाली, आंटी, आप कहें तो छोड़ दूँ. मी म्हटलं, मूर्ख पोरी, सोडलीस तर तंगडी मोडीन, आत ये, चहा घे.

तक्रारीचं उत्तर तीन महिन्यांनी आलं. त्यात लिहिलं होतं, तक्रारदार महिलेने सदर नोकरीचा स्वेच्छेने राजीनामा दिलेला असल्याने तक्रार शिल्लक राहत नाही, प्रकरण निकाली. मी ते उत्तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तिवारीच्या आवाजात, मग बाबूच्या आवाजात, मग त्या मधल्या साहेबाच्या. हे हसले. मग मी हसता हसता थांबले आणि मला असं रडू आलं, रागाने, की मला माझाच आवाज ओळखू येईना.

आता मला पन्नास पूर्ण होऊन गेली. सरकारी यादीत आता मी बेरोजगारही नाही, वयाबाहेर आहे. घरी शिवते, पडदे, फॉल, पिको. तिवारीजींना दुसऱ्या जिल्ह्यात मोठं सेंटर मिळालं म्हणतात. तक्रार मी परत टाकली आहे, त्या राजीनाम्याची प्रत जोडून, आणि ती निकाली काढतील तर परत टाकीन, मला काय दुसरं काम आहे? ह्यांच्या डोळ्यांसाठी शबाना पहाटे ड्यूटीवर जाताना आमची चिठ्ठी लावून ठेवते, घरच्यांची सोय आम्हाला नाही, पण रांगेत पहिला नंबर तरी मिळतो. थेंब सुरू आहेत. जेवढं दिसतं तेवढं राहील असं डॉक्टर म्हणाले.

त्या पोरीचं भलं होवो. तिचे हात चांगले राहोत, तिच्या घरची सातही तोंडं पोटभर जेवोत, तिला माझ्या वयापर्यंत कोणी कार्यरत आणि बेरोजगार यांच्यामध्ये टांगून ठेवू नये. एवढंच माझं मागणं. त्या बाकीच्यांना माझ्याकडून काही नाही, शापसुद्धा नाही, शाप दिला की माणूस हलका होतो आणि मला हलकं व्हायचं नाही. तुम्ही हे सगळं लिहिलंत ना? मग आता मला वाचून दाखवा. सगळं. मधलं काही गाळू नका.